जाळ्यापाशीचा पहारा

१५ मे २०२२ चा दिवस. थायलंडमधील बँकॉक येथे थॉमस चषकाचा अंतिम सामना चालू होता. थॉमस चषक म्हणजे पुरुषांच्या बॅडमिंटनमधील सांघिक जगज्जेतेपद. इंडोनेशियाने हा चषक तोपर्यंत १४ वेळा जिंकला होता. भारताला मात्र अंतिम सामन्यापर्यंत एकदाही पोहोचता आले नव्हते. पहिल्या एकेरी लढतीत लक्ष्य सेन यांनी पहिला डाव गमावूनही विजय मिळवला आणि भारताला आघाडी मिळाली. आता दुहेरीची लढत होती. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी ही भारतीय जोडी पहिला डाव १८-२१ असा हरली होती. दुसऱ्या डावात तर प्रसंग अधिकच बिकट झाला. इंडोनेशियाच्या जोडीला विजयासाठी केवळ एकच गुण हवा, अशी वेळ एकदा नव्हे, चार वेळा आली. चारही वेळा भारतीय जोडीने ते संकट परतवले. दुसरा डाव त्यांनी २३-२१ असा आणि तिसरा २१-१९ असा जिंकला.

अशा लढतीचे वर्णन करताना प्रेक्षकांच्या तोंडी बहुधा स्मॅशची भाषा असते. मागच्या रेषेवरून उंच उडी घेऊन मारलेला, कानठळ्या बसवणारा फटका कोणाच्याही डोळ्यांत भरतो. परंतु या खेळाचे जाणकार त्या वेळी दुसऱ्याच एका जागेकडे पाहत असतात. ती जागा म्हणजे जाळ्याजवळची. तेथे एक खेळाडू गुडघे किंचित वाकवून, रॅकेट छातीच्याही वर उचलून, डोळ्यांची पापणी न लवू देता उभा असतो. तो फार पळत नाही आणि फार जोरातही मारत नाही. तथापि दुहेरीचे निम्मे यश त्याच्या हाती असते.

या पहारेकऱ्याचे काम समजून घेण्यापूर्वी या खेळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. बॅडमिंटनचा पुण्याशी जुना ऋणानुबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ आवडीने खेळत. त्यामुळे काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. पुढे इंग्लंडमधील बॅडमिंटन हाऊस या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. महाराष्ट्राने या खेळाला मोठे खेळाडूही दिले. सांगली येथे जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ साली क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकली. परदेशातील स्पर्धेत विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनमधील पहिला मान त्यांनाच लाभला.

या खेळाचे कोर्ट १३.४० मीटर लांब असते. दुहेरीसाठी त्याची रुंदी ६.१० मीटर धरतात. मधोमध ताणलेल्या जाळ्याची उंची खांबांपाशी १.५५ मीटर असते आणि मध्यभागी ती किंचित कमी, म्हणजे १.५२४ मीटर भरते. जाळ्यापासून १.९८ मीटर अंतरावर दोन्ही बाजूंना एकेक आडवी रेषा आखलेली असते. तिला आखूड सर्व्हिसची रेषा म्हणतात. खेळायचे फूल हंस-बदकांच्या १६ पिसांचे असून त्याचे वजन साडेपाच ग्रॅमहून अधिक नसते. इतके हलके असल्यामुळे आणि पिसांना हवेचा विरोध होत असल्यामुळे फूल रॅकेटवरून सुटताना विलक्षण वेगाने जाते. परंतु पुढे ते झपाट्याने मंदावते आणि खाली झुकू लागते.

फुलाच्या या स्वभावातच जाळ्याजवळच्या खेळाचे मर्म दडलेले आहे. जाळ्याच्या कडेहून उंच असलेले फूल खालच्या दिशेने मारता येते. तेच फूल कडेच्या खाली उतरले, की ते वर उचलून देण्यावाचून गत्यंतर नसते. जो खाली मारतो तो आक्रमक. ज्याला वर उचलावे लागते तो बचावात सापडला. आता असे पाहा, की प्रतिपक्षाचे फूल जाळे ओलांडून येते, त्या क्षणी ते कडेच्या वरच असते. तेथे हजर असलेला खेळाडू ते तत्काळ खाली दाबू शकतो. मात्र तो एका पावलाने जरी उशिरा पोहोचला, तरी फूल कडेखाली गेलेले असते आणि त्याच्या हातातील आक्रमण प्रतिपक्षाच्या हाती जाते. म्हणजे येथे प्रश्न बळाचा नसून वेळेचा असतो. पुढे असणारा खेळाडू समोरच्याला विचार करण्यास, पाय हलवण्यास, रॅकेट सावरण्यास जो अवधी लागतो, तोच हिरावून घेतो.

म्हणूनच दुहेरीत जोडीच्या उभे राहण्याच्या दोन रीती ठरून गेल्या आहेत. जोडी बचावात असते, तेव्हा दोघे शेजारी शेजारी उभे राहतात आणि कोर्टाची डावी-उजवी बाजू वाटून घेतात. जोडी आक्रमण करते, तेव्हा मात्र दोघे एकामागे एक होतात. मागचा खेळाडू स्मॅश मारतो आणि पुढचा जाळे राखतो. स्मॅश मारून गुण मिळालाच, असे उत्तम खेळाडूंच्या सामन्यांत क्वचितच घडते. समोरचे खेळाडू तो फटका कसाबसा परतवतातच. परंतु घाईत परतवलेले ते फूल बहुधा दुबळे, आखूड किंवा किंचित उंच येते. त्या फुलाची वाट पाहत पुढचा खेळाडू उभा असतो. मागच्याने दार खिळखिळे करावे आणि पुढच्याने ते उघडावे, अशी ही कामाची विभागणी आहे.

हा पुढचा खेळाडू नेमका कोठे उभा राहतो? नवशिक्या खेळाडूला वाटते, की जाळे राखायचे म्हणजे जाळ्याला खेटून उभे राहायचे. ही मोठी चूक होय. जाळ्याच्या अगदी निकट उभ्या राहिलेल्या खेळाडूच्या बाजूने सपाट वेगवान फटका सहज निघून जातो आणि त्याला मान वळवण्याचीही उसंत मिळत नाही. कसलेला खेळाडू आखूड सर्व्हिसच्या रेषेच्या आसपास किंवा तिच्या थोडा मागे, मध्यरेषेच्या जवळ राहतो. तेथून एका लांब पावलात त्याला जाळे गाठता येते आणि दोन्ही बाजूंचे सपाट फटकेही अडवता येतात. त्याची रॅकेट सदैव वर असते, कारण रॅकेट खालून वर आणण्यात जो क्षण जातो तोच निर्णायक ठरतो.

त्याच्या फटक्याची रीतही निराळी असते. मागच्या खेळाडूप्रमाणे खांद्यापासून हात फिरवण्यास येथे सवड नसते. रॅकेटची मूठ तो थोडी वरच्या बाजूला आणि सैल धरतो. फूल येताच बोटे आवळून मनगटाच्या लहानशा झटक्याने ते खाली ढकलतो. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, की याने फुलाला नुसता स्पर्शच केला. हे फूल तो कोठे ढकलतो, हेही महत्त्वाचे आहे. प्रतिपक्षाच्या पायांशी किंवा ज्या हातात रॅकेट आहे त्या बाजूच्या कमरेकडे टाकलेले फूल परतवणे कठीण जाते. दोघांच्या बरोबर मधोमध टाकलेल्या फुलाने तर आणखी एक गोष्ट साधते. ‘हे तू घेणार की मी?’ या शंकेत दोघेही अडकतात आणि फूल जमिनीवर पडते. आणि खाली दाबण्याइतके उंच फूल मिळालेच नाही, तर तो ते अलगद जाळ्यालगत टाकतो. मग समोरच्याला ते उचलावेच लागते आणि मागे उभ्या असलेल्या सोबत्याला पुन्हा स्मॅशची संधी मिळते.

जाळ्यासाठीची ही झुंज सर्व्हिसपासूनच सुरू होते. सर्व्हिस करणाऱ्याला फूल जमिनीपासून १.१५ मीटर उंचीच्या वरून मारता येत नाही. म्हणून दुहेरीत बहुतेक सर्व्हिस जाळ्याच्या कडेला जवळजवळ घासून जाईल अशी, आखूड केली जाते. ती घेणारा खेळाडू रेषेजवळ, वाघ दबा धरून बसावा तसा, रॅकेट उंचावून उभा असतो. फूल चार बोटे जरी उंच आले, तरी तो झेप घेऊन ते खाली मारतो. उलट सर्व्हिस करणाराही फूल सुटताच रॅकेट वर करून जाळ्याचा ताबा घेतो, कारण परत येणारे पहिले फूल त्यालाच अडवायचे असते. पहिल्या तीन-चार फटक्यांतच आक्रमण कोणाचे आणि बचाव कोणाचा, हे पुष्कळदा ठरून जाते.

या आक्रमणाला नियमांची मर्यादाही आहे. खेळ चालू असताना रॅकेटचा, अंगाचा किंवा कपड्याचा जाळ्याला स्पर्श झाला, तर गुण प्रतिपक्षाला मिळतो. जाळ्यापलीकडे रॅकेट नेऊन फूल मारणे हाही दोष होय. फुलाला पहिला स्पर्श आपल्याच बाजूला झाला असेल, तर मात्र फटक्याच्या ओघात रॅकेट पलीकडे गेली तरी चालते. म्हणून जाळ्याजवळच्या खेळाडूला धिटाई आणि संयम ही दोन्ही अंगी बाणवावी लागतात. त्याने झेप घ्यावी, पण ती जाळ्याच्या अलीकडेच थांबवावी. खेळाच्या सभ्यतेचेही संकेत आहेत. फूल जाळ्याच्या कडेला लागून पलीकडे घरंगळले आणि दैवयोगाने गुण मिळाला, तर खेळाडू हात वर करून प्रतिपक्षाची क्षमा मागतो. गुण तो परत देत नाही. परंतु हे यश आपल्या कौशल्याचे नव्हे, एवढे तो मोकळेपणाने मान्य करतो.

पुढे उभे राहण्यात धोके पुष्कळ आहेत. आपल्या आवाक्यात नसलेल्या फुलावर झडप घालण्याचा मोह त्यांत सर्वांत मोठा. अशा वेळी फूल रॅकेटच्या काठाला लागून भलतीकडे उडते किंवा फटका हुकतो. मागचा सोबती ते घेण्यास सिद्ध असतो, पण पुढच्याच्या हालचालीने गोंधळून जातो. म्हणून जे फूल मागच्याला अधिक चांगले मारता येईल, ते त्याच्यासाठी सोडून देणे हीसुद्धा एक कला आहे. दुसरी गोष्ट अशी, की पुढचा खेळाडू मागे वळून पाहत नाही. मागे वळण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो. आपला सोबती कोठे आहे, तो स्मॅश मारणार की फूल हळूच टाकणार, हे तो समोरच्या खेळाडूंच्या हालचालींवरून आणि मागून येणाऱ्या रॅकेटच्या आवाजावरून ओळखतो. ज्याच्याकडे पाहता येत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. दुहेरीचा सारा डोलारा या विश्वासावर उभा असतो.

अंगकाठी लहान असलेल्या खेळाडूलाही येथे किती उंच जाता येते, याचा दाखला इंडोनेशियाच्या केविन संजय सुकामुल्जो यांनी घालून दिला. ते आणि त्यांचे सोबती मार्कस गिडिओन हे दोघेही उंचीने सुमारे १७० सेंटीमीटर किंवा त्याहून कमी. उंच खेळाडूंच्या या जगात त्यांनी २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन वर्षे इंग्लंडमधील ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली, २०१८ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक पटकावले आणि कित्येक वर्षे जगातील अग्रस्थान सांभाळले. केविन यांचे राज्य जाळ्याजवळ असे. समोरचा खेळाडू फूल कोठे देणार, हे त्याने ठरवण्यापूर्वीच जणू त्यांना कळे. दोन खेळाडूंमध्ये सपाट, वेगवान फटक्यांची देवाणघेवाण चालू असताना ते मध्येच एक पाऊल पुढे टाकीत आणि फूल संपवून टाकीत.

भारतीय जोडीची कथा याहून वेगळी आहे. सात्त्विकसाईराज आंध्र प्रदेशातील अमलापुरमचे, तर चिराग शेट्टी मुंबईचे. दोघेही उंचपुरे आणि दोघेही मागच्या रेषेवरून जोरदार फटके मारण्यात वाकबगार. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी या दोघांना एकत्र खेळवण्याचे ठरवले, तेव्हा दोघांनाही ते फारसे रुचले नाही. मागे खेळण्याची सवय दोघांनाही होती. मग पुढे कोणी जायचे? दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत, असे म्हणतात. परंतु येथे त्या राहिल्या, कारण एकाने आपली आवडती जागा सोडण्याची तयारी दाखवली. चिराग यांनी जाळ्याजवळचा खेळ जाणीवपूर्वक आत्मसात केला. पायांची नवी चाल, रॅकेटची नवी पकड आणि त्याहून अवघड म्हणजे मनाची नवी घडण त्यांना साधावी लागली. सात्त्विक यांच्या स्मॅशने २०२३ साली जपानमध्ये घेतलेल्या एका चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा विक्रम नोंदवला. तो वेग जगाने वाखाणला. परंतु त्या वेगाचे गुणांत रूपांतर करण्यासाठी पुढे कोणीतरी उभे असावे लागते, हे दुहेरी खेळणारा प्रत्येक जण जाणतो.

आता बँकॉकच्या त्या दिवसाचे महत्त्व अधिक उमगेल. त्या दुहेरीत समोर होते तीन वेळचे विश्वविजेते मोहम्मद अहसान आणि जाळ्याचे अनभिषिक्त सम्राट केविन. त्यांचे नेहमीचे सोबती त्या दिवशी त्यांच्या बाजूला नव्हते, हे खरे. तरीही अशा प्रतिस्पर्ध्यांपुढे एक डाव गमावल्यावर मन डळमळणे स्वाभाविक होते. विजयापासून ते एका गुणाच्या अंतरावर असताना पुढच्या खेळाडूने भिऊन मागे सरकावे, बचावात सुरक्षितता शोधावी, असा मोह कोणालाही झाला असता. परंतु मागे सरकणे म्हणजे केविन यांना जाळे बहाल करणे. भारतीय जोडीने आक्रमणाची वाट सोडली नाही. पुढे किदंबी श्रीकांत यांनी एकेरीत विजय मिळवला आणि भारताने अंतिम सामना ३-० असा जिंकून थॉमस चषकावर प्रथमच नाव कोरले.

त्यानंतर या जोडीने अनेक मान मिळवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले; या स्पर्धेतील बॅडमिंटनचे ते भारताचे पहिलेच सुवर्ण होते. त्याच महिन्यात ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तथापि यशाची पायरी कोणालाही कायमची लाभत नाही. २०२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत पहिला डाव २१-१३ असा जिंकूनही ही जोडी मलेशियाच्या ॲरन चिया आणि सो वूई यिक यांच्याकडून उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झाली. जाळ्याचा ताबा एकदा मिळाला म्हणजे तो अखेरपर्यंत राहील, असे नसते. तो प्रत्येक फुलागणिक नव्याने मिळवावा लागतो.

शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून आणि दोन बांबूंना जाळे बांधून खेळणाऱ्या मुलांमध्येही मागे उभे राहून मोठा फटका मारण्यासाठी चढाओढ लागते. पुढे उभे राहण्यास सहसा कोणी राजी नसते. तेथे टाळ्या कमी मिळतात आणि फटका अंगावर येण्याचे भय अधिक असते. परंतु जो मुलगा किंवा जी मुलगी ती जागा पत्करते, रॅकेट वर धरून समोर पाहत राहते आणि आपल्या सोबत्याने केलेल्या मेहनतीला शेवटचा हात लावते, तिला दुहेरीचे रहस्य गवसले असे समजावे. सोबत्यावर भार टाकणे सोपे असते. त्याच्या पुढे उभे राहून त्याचे यश पुरे करणे हेच खरे सहकार्य होय.

स्वाध्याय

१. फूल जाळ्याच्या कडेहून उंच असताना मारणे का फायद्याचे ठरते?
२. बचाव करताना आणि आक्रमण करताना जोडी कशी उभी राहते? त्यामागील कारण सांगा.
३. ‘ज्याच्याकडे पाहता येत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.’ हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. चिराग शेट्टी यांना कोणती सवय बदलावी लागली? त्याचा जोडीला काय लाभ झाला?
५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : गत्यंतर नसणे, पापणी न लवू देणे, अंगी बाणवणे, मन डळमळणे.